पुण्यातला 'प्लेसमेंटवाला' जावा फुल स्टॅक क्लास: लास्ट इयरवाल्यांनी आधी वाचा, मग पैसे भरा

पाचपैकी तीन स्टार. त्यातही शिकवण्याला साडेचार, प्लेसमेंटला एक, आणि त्या काउन्सेलिंगच्या केबिनला मायनसमध्ये देता आले असते तर तेही दिले असते. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. डेक्कन, कर्वे रोड, कर्वेनगर, कोथरूड ह्या पट्ट्यात असले 'फुल स्टॅक विथ १००% प्लेसमेंट'वाले बोर्ड (फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि मागची दोन्ही बाजू) जागोजागी आहेत आणि आतलं गणित थोड्याफार फरकाने सेमच असतं, त्यामुळे तुम्ही ज्याच्या डेमोला जाणार आहात तोच हा आहे असं समजून वाचा, काही बिघडत नाही.

मी बीई कॉम्प्युटर, २०२६ची पासआउट, कॉलेज नाशिक साइडचं पण विद्यापीठ पुणेच. आमच्या टीपीओ (प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांचा स्वभाव चांगला आहे, बाकी काय बोलू. कंपन्या कॅम्पसला कमी आणि ब्रोशरवर जास्त येतात. ज्या आल्या त्यांचा क्रायटेरिया दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे ६० टक्के, लाइव्ह बॅकलॉग (अजून राहिलेला विषय) नको, वायडी (इयर डाउन, वर्ष वाया गेलेलं) नको, म्हणजे एवढ्यावरच अर्धा वर्ग हॉलच्या बाहेर. उरलेल्यांची ऑनलाइन अ‍ॅप्टी (अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट) होते आणि मग बोटावर मोजण्याएवढे पुढे जातात. लास्ट इयरला प्रोजेक्टच्या नावाखाली कॉलेज जरा सैल सोडतं, तेव्हा अर्धी पोरं पुण्यात कॉट बेसिसवर येऊन पडतात आणि क्लास लावतात. मीही लावला.

ज्यांच्या घरी कोणी आयटीत नाही त्यांना वाटतं पोरं उगाच टेन्शन घेतात, म्हणून थोडं सांगते. आमच्या डोळ्यासमोर काय काय झालं बघा. २०२३ मध्ये विप्रोने ज्या फ्रेशर्सना साडेसहा लाखांचं पॅकेज दिलं होतं त्यांनाच विचारलं की साडेतीनवर येता का. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेच्या वर ट्रेनी इंटर्नल परीक्षेत नापास झाले म्हणून घरी पाठवले, आणि त्यातल्या कित्येकांनी ऑफर लेटर हातात घेऊन जॉइनिंगची दोन-दोन वर्षं वाट बघितलेली होती. जुलै २०२५ ला टीसीएसने सांगितलं दोन टक्के म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार. ती कपात मुख्यतः मिडल आणि सिनियर लेव्हलची होती, फ्रेशरची नाही, पण हे वाचतंय कोण, ग्रुपवर नुसता स्क्रीनशॉट फिरतो आणि रात्रभर कोणी झोपत नाही. टीसीएसच्या निन्जा भरतीचं ३.३६ लाखांचं पॅकेज, जे माझा मामेभाऊ लागला तेव्हाही तेवढंच होतं, पूर्वी पोरं त्याला नावं ठेवायची, आता त्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसलेत. आणि वरून घरचे. आत्याचा फोन आला की तब्येत वगैरे नंतर, आधी "झालं का गं कुठं?"

ह्या मूडमध्ये माणूस डेमोला जातो, आणि क्लासवाल्यांना तो मूड बरोबर माहितीये.

डेमो लेक्चर फ्री असतं. संपलं की लगेच एकेकाला केबिनमध्ये घेतात. आतमध्ये काउन्सेलर मॅडम, मागच्या भिंतीवर प्लेस झालेल्या पोरांचे फोटो, खाली कंपनी आणि पॅकेज. मॅडम गोड बोलतात. दहावीपासूनचे मार्क विचारतात, पप्पा काय करतात विचारतात (हे कशाला लागतं ते नंतर कळतं), मग लॅपटॉप फिरवून ती टीसीएसचीच बातमी दाखवतात. "अगं बघ, एवढ्या अनुभवी लोकांना काढतायत, तू तर फ्रेशर, नुसत्या डिग्रीवर कोण घेणारे तुला?" मग एआय. एआयमुळे फ्रेशरचे जॉब जाणार हे सांगून झाल्यावर पाचच मिनिटांनी जेन एआयचं अ‍ॅड-ऑन मॉड्यूल एक्स्ट्रा पंधरा हजारात. म्हणजे ज्याने जॉब जाणार त्याचाच क्लास पण तुमच्याकडेच, वा. बॅचमध्ये कायम तीनच सीट उरलेल्या असतात. माझ्या रूममेटला माझ्यानंतर आठवड्याने तीनच सांगितल्या.

फी ६५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७६,७००. "आजच्या आज अ‍ॅडमिशन घेतलं तर" डिस्काउंट. आज घेऊ नका, उद्याही तोच डिस्काउंट असतो, उलट परवा गेलात तर वाढतो. माझ्या मैत्रिणीने दोन वेळा "घरी विचारते" म्हणून उठून यायचं नाटक केलं तर तिला बराच कमी रेट मिळाला आणि अ‍ॅप्टीची पुस्तकं वर फ्री.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हप्ते. मॅडम म्हणतात "ईएमआय करून देते, नो कॉस्ट, पप्पांचं पॅन आणि आधार व्हॉट्सअ‍ॅप कर फक्त." हा क्लासचा हप्ता नसतो हो. हे फायनान्स कंपनीचं लोन असतं, पप्पांच्या नावावर. क्लासला सगळे पैसे एकदम मिळतात आणि तुम्ही पुढचे बरेच महिने फायनान्स कंपनीला फेडत बसता. उद्या क्लास आवडला नाही, बॅच बंद पडली, सर सोडून गेले, तरी हप्ता थांबत नाही, चुकला तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पप्पांचं खराब, आणि मग पीककर्ज काढायला सोसायटीत किंवा बँकेत गेले की तिथे तो चुकलेला हप्ता दिसतो. आमच्या बॅचच्या एका पोराच्या वडलांना लोन आहे हेच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं ओटीपी क्लासच्या फॉर्मचा आहे. तुम्हाला घ्यायचंच असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट मागा, मोबाइलवरून मिळणाऱ्या लोनला ते द्यावंच लागतं, त्यात खरा व्याजदर आणि प्रोसेसिंग फी दिसते. आणि रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमात कूलिंग-ऑफ म्हणून प्रकार आहे, लोन घेतल्यावर सुरुवातीच्या ठरलेल्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून पेनल्टीशिवाय बाहेर पडता येतं. ते दिवस किती हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं. हे मॅडम सांगत नाहीत. मी पप्पांना आधीच सांगितलं लोन नको, कांद्याच्या पट्टीतून (विक्रीच्या पैशातून) जेवढे निघतील तेवढे आत्ता भरू, बाकीचे क्लासलाच दोन टप्प्यात. क्लासवाले तोंड वाकडं करतात पण ऐकतात.

शिकवणं मात्र भारी, हे मान्य करावंच लागेल. कोअर जावाचे सर स्वतः कंपनीत काम करून आलेले, आणि त्यांची पद्धत अशी की आधी प्रश्न, मग थिअरी. कॉलेजमध्ये आम्ही ऊप्सची (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) चार तत्त्वं पाठ करून चार विद्यापीठ परीक्षा पास झालो, पण हॅशमॅपमध्ये (की देऊन व्हॅल्यू शोधायची जावातली सोय) एक की टाकली तर आत नेमकं काय होतं हे कोणी विचारलंच नव्हतं. सरांनी पूर्ण लेक्चर त्याच्यावर घालवलं. हॅशकोड कुठून येतो, बकेट कशी ठरते, दोन की एकाच बकेटमध्ये आल्या तर इक्वल्स कशाला लागतं, इक्वल्स बदललं आणि हॅशकोड नाही बदललं तर डेटा आत असून का सापडत नाही, जावा ८ पासून एका बकेटमध्ये आठच्या वर गर्दी झाली आणि टेबल किमान ६४ चं असलं की लिंक्ड लिस्टचं झाड कसं होतं. हे सगळं फळ्यावर, हाताने. पीपीटी नाही. मग म्हणाले आता हेच शेजारच्याला समजावून सांग, आणि तिथे आमची सगळ्यांची वाट लागली, कारण कळलेलं असतं पण तोंडातून निघत नाही.

मॉक (सरावाचा) इंटरव्ह्यू ही ह्या क्लासमधली एकमेव गोष्ट जी यूट्यूबवर मिळत नाही. आम्ही बरेच जण मराठी मीडियमचे किंवा सेमी. समोरच्याने "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं की गळा कोरडा. सॉफ्ट स्किलच्या मॅडम ह्याच्यावर एक छापील उत्तर पाठ करायला देतात, हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेयर, हॉबी लिसनिंग टू म्युझिक, आणि पूर्ण बॅच तेच म्हणते, त्यामुळे ते लेक्चर बंक केलं तरी चालेल. सरांचं वेगळं. माझ्या मॉकला मी प्रोजेक्ट सांगताना इंग्लिशमध्ये अडकले तर ते म्हणाले, "अगं थांब, आधी मराठीत सांग, काय बनवलंय तुम्ही?" मराठीत मी धडाधड सांगितलं, अगदी डेटाबेसची टेबलं वेगवेगळी का ठेवली ते पण. मग म्हणाले आता हेच छोट्या छोट्या वाक्यात इंग्लिशमध्ये. व्याकरण गेलं खड्ड्यात. नंतर बाहेरच्या एका खऱ्या इंटरव्ह्यूत मी तेच केलं, मनात मराठीत लावून घेतलं आणि मग बोलले, आणि पहिल्यांदा समोरच्याने मध्येच तोडलं नाही. पुढच्या राउंडला गेले, त्याचा रिझल्ट अजून यायचाय. तो इंटरव्ह्यू क्लासने नाही लावला, कॉलेजच्या सिनियर ताईने रेफर केलं होतं, हे पण लिहायलाच पाहिजे.

स्प्रिंग बूट आणि रिअ‍ॅक्ट हे बाकीचे विषय ठीकठाक. रिअ‍ॅक्टवाला मुलगा स्वतःच मागच्या बॅचचा विद्यार्थी, प्लेस झाला नाही म्हणून इथेच शिकवायला ठेवलेला (आणि भिंतीवर त्याचा पण फोटो आहे, 'प्लेस्ड' म्हणून). एसी चालतो, वॉशरूम स्वच्छ, प्लग पॉइंट कमी त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा. खाली टपरीवर चहा चांगला मिळतो. बॅच सत्तरच्या आसपास, डेमोला "फक्त पंचवीस" सांगितलेली.

आता प्लेसमेंट, ज्याच्यासाठी सगळे येतात. अ‍ॅडमिशन फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अटी आहेत. ९० टक्के अटेंडन्स, सगळ्या इंटर्नल टेस्ट पास, सगळे मॉक क्लिअर, आणि हे सगळं झालं तर क्लास तुम्हाला इंटरव्ह्यूचे 'कॉल्स' देणार. नोकरी देणार असं कुठेच लिहिलेलं नाही. कॉल्स म्हणजे काय, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ड्राइव्हच्या (कंपन्यांच्या भरतीच्या) लिंक. त्यातल्या अर्ध्या मी आधीच लिंक्डइनवर आणि टेलिग्रामवर बघितलेल्या. उरलेल्यात एक हिंजवडीचा निघाला तो टेलिकॉलिंगचा, एकात दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्कशीट जमा, एकात आधी सहा महिने बिनपगारी "ट्रेनिंग". चांगल्या कंपन्यांचे एक-दोन आले, नाही असं नाही, पण तिथे सगळ्या पुण्यातले सगळे क्लास पोरं पाठवतात, गेटवर जत्रा. ओरिजिनल मार्कशीट कोणाला देऊ नका एवढंच सांगेन, पुढची नोकरी लागली की ती सोडवायला काय काय करावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

फोटोंच्या भिंतीबद्दल पण एक. तिथला एक चेहरा माझ्या रूममेटच्या ओळखीचा निघाला. भाऊ सध्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससी करतोय.

आणि हे असले बोर्ड लावणं नियमात बसतं का, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. १०० टक्के सिलेक्शन, नोकरीची हमी असले खोटे दावे करायचे नाहीत, महत्त्वाच्या अटी बारीक अक्षरात लपवायच्या नाहीत, विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर सिलेक्शन झाल्यानंतर त्याची लेखी परवानगी पाहिजे, अ‍ॅडमिशन घेतानाच फॉर्ममध्ये सही घेऊन ठेवलेली चालत नाही. पन्नासच्या वर विद्यार्थी असलेल्या कोचिंगला हे लागू आहे. तक्रारीला नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. आमच्या बॅचमधल्या एकाने फी रिफंडसाठी नुसतं "१९१५ ला फोन करतो" म्हटलं तर अकाउंट्सवाल्यांचा आवाज एकदम खाली आला. पूर्ण पैसे नाही मिळाले, पण मिळाले.

आता केबिनला मायनस का, ते. कोर्स संपत आला की जे जुने पासआउट आहेत, २०२३-२४ वाले, दोन वर्षं घरी बसलेले, त्यांना एकेकटं आत बोलावतात. माझ्या रूमवरची ताई त्यातलीच. तिला सांगितलं, फ्रेशरला आता कॉल नाहीत, गॅप पडलाय, आपण दोन-अडीच वर्षांचा एक्सपीरियन्स दाखवू, आमच्या ओळखीची कंपनी आहे, ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग (नोकरी सोडल्याचं पत्र) सगळं मिळेल, वेगळे चाळीस हजार. हा धंदा पुण्यात सर्रास चालतो, सगळ्यांना माहितीये, कोणी लिहित नाही. आणि पोरं का हो म्हणतात ते पण मला कळतं, दोन वर्षं गावात सगळ्यांना "चालू आहे प्रयत्न" सांगून माणूस पिचून जातो.

पण हे पकडलं कसं जातं ते ऐका. जॉइन झाल्यावर कंपनी बीजीव्ही (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन) करते, बाहेरच्या एजन्सीकडून. त्यात पीएफचा यूएएन (खात्याचा नंबर) मागतात, सर्व्हिस हिस्टरीत तुम्ही कुठे कधीपासून होता ते दिसतं. स्लिपवर पगार आहे पण बँक स्टेटमेंटमध्ये जमा नाही, इन्कम टॅक्सच्या रेकॉर्डमध्ये टीडीएस (पगारातून कापलेला टॅक्स) नाही, त्या "कंपनीच्या" पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. कधी कधी हे सगळं सहा-आठ महिन्यांनी होतं, तोपर्यंत तुम्ही घरी पेढे वाटून मोकळे झालेले असता, आणि मग एका मेलवर बाहेर. रिलीव्हिंग लेटर पण नाही. म्हणजे खोटा अनुभव दाखवायला गेलेल्याचा खरा अनुभव पण गेला. क्लासवाले तेव्हा फोन उचलत नाहीत. ताईने नाही म्हटलं. तिला दोन दिवस "निगेटिव्ह अ‍ॅटिट्यूड" वगैरे ऐकून घ्यावं लागलं, मग ड्राइव्हच्या ग्रुपमधूनच काढलं. ज्या क्लासमध्ये बाहेरच्या खोलीत सर हॅशमॅप इतकं प्रामाणिकपणे शिकवतात त्याच क्लासच्या आतल्या खोलीत हे चालतं, आणि सरांना माहीत नाही असं मला वाटत नाही, पण त्यांचंही घर चालतंय, असो.

मग लावावा का नाही. ज्यांना सेल्फ स्टडी जमते त्यांनी अजिबात नाही. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवर जावाची सिरीज मराठीत आहे, फुकट. आयआयटींच्या एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स फुकट, फक्त सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर हजार रुपये. मॉकसाठी चार मित्र जमवा आणि एकमेकांना शिव्या न देता घ्या, हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. रिझल्ट लागल्यावर रिकामं बसायचं नसेल तर राज्य सरकारची २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना बघून ठेवा, पदवीधराला महिन्याला १० हजार विद्यावेतन ठरवलेलं, पण शिक्षण चालू असताना चालत नाही, आणि ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नाही, तिथे लागलेली पोरं कायम करा म्हणून आंदोलनं करतायत ते पेपरात वाचलंच असेल.

ज्यांना माझ्यासारखं कोणीतरी समोर बसवून बोलायला लावल्याशिवाय होत नाही, ज्यांच्या कॉलेजात शिकवायला माणूसच नाही, आणि घरच्यांना कर्ज न काढता भरता येतंय, त्यांनी लावा, पण शिकायला म्हणून लावा. फक्त कोअर जावा आणि मॉकची वेगळी बॅच पण असते, बोर्डवर नसते, विचारली तर सांगतात, फी जवळपास निम्मी. जीएसटीची पक्की पावती घ्या, रिफंडची अट पावतीवरच लिहून घ्या, पप्पांचा ओटीपी कोणाला सांगू नका. आणि डेमोला जायचं तर रविवारी जाऊ नका, रविवारचा डेमो काउन्सेलर मॅडमच घेतात. मंगळवारी संध्याकाळचा सर घेतात.